केशरी फुलपाखरू दिसलं? मागच्या पंखावरचे ठिपके बघा

पावसाळा सरताना खान्देशात बांधावरच्या रुईभोवती केशरी फुलपाखरं घिरट्या घालतात. केशरी दिसलं की लगेच प्लेन टायगर म्हणून मोकळं होऊ नका. आधी मागच्या पंखाचा नीट फोटो घ्या. पंखाच्या मधोमध तीन काळे ठिपके असतील तर तो प्लेन टायगरच. नराला चौथाही असतो. मधला भाग कोरा आणि वरच्या कडेला एकच काळा डाग असेल, तर ती डॅनाइड एगफ्लायची मादी. प्लेन टायगर अळीपणी रुई खाऊन तिचं विष अंगात साठवतो, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत; ही बिनविषारी मादी हुबेहूब त्याचं रूप घेऊन वाचते. काय कमाल आहे! तिचा नर मात्र काळा, पांढऱ्या डागांचा. केशरी पंखावर काळ्या जाड शिरा असतील तर स्ट्राइप्ड टायगर.