चाकांवरचा नंदी मान कशी हलवतो: घरी यंत्राच्या हालचाली शिकू पाहणाऱ्यांसाठी

हालचाली शिकायच्या आहेत, सुरुवात कशाने करू, असं कुणी विचारलं की मी जाड पुठ्ठा घ्यायला सांगतो. मोटर नंतर, थ्रीडी प्रिंटर त्याच्याही नंतर. हाताने फिरवलं की हालचाल कुठे जड जाते आणि कुठे अडते ते बोटांना कळतं. मोटर एकतर फिरते, नाहीतर घुरघुरत थांबते. का थांबली हे तिच्याकडून समजत नाही. मी इंजिनियर नाही. दिवसा हिशेबाचं काम करतो आणि संध्याकाळी नागपूरच्या नंदनवन भागातल्या घराच्या गच्चीवरच्या खोलीत हे. तेव्हा पुढचं सगळं अशाच माणसासाठी आहे, ज्याच्याकडे वर्कशॉप नाही पण उत्सुकता भरपूर आहे.

पहिलं यंत्र चार पट्ट्यांचं करा. भोकापासून भोकापर्यंत ४, ८, ९ आणि १० सेंटिमीटर. मोजायचं ते भोकांमधलं अंतर. पट्टी त्यापुढे किती उरते याला महत्त्व नाही. १० ची पट्टी जाड पुठ्ठ्यावर पक्की करा. तिच्या एका टोकाला ४ ची, दुसऱ्या टोकाला ८ ची, आणि त्या दोघींची मोकळी टोकं ९ ने जोडा. आता ४ ची पट्टी गोल फिरवा. ८ ची साधारण ६२ अंशांत मागेपुढे डोलेल. वायपर, शिलाई मशीनचं पायडल, सगळ्यांत हाच मामला असतो, फक्त पायडलमध्ये डोलणारी बाजू तुम्ही चालवता आणि फिरणारी बाजू चाकाला जोडलेली असते.

मग ४ च्या जागी ८ सेंटिमीटरची दुसरी पट्टी लावा. आता एकही पट्टी पूर्ण फेरा घेत नाही. कारण साधं आहे: सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी यांची बेरीज उरलेल्या दोघींच्या बेरजेपेक्षा जास्त झाली. जर्मन अभियंता फ्रान्झ ग्रासहोफ याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पहिल्या जोडणीत ४ अधिक १० म्हणजे १४, आणि ८ अधिक ९ म्हणजे १७, म्हणून ती फिरली. नियम आधी वाचून पुठ्ठा कापण्यापेक्षा अडलेली पट्टी हातात धरून नियम वाचावा, असं माझं ठाम मत आहे. तो मग विसरत नाही.

पुन्हा ४ ची पट्टी लावून पहिल्या जोडणीत ९ आणि ८ च्या पट्ट्यांमधला कोन बघत राहा. एका जागी तो ४१ अंशांच्या आसपास येतो आणि फिरवणं किंचित जड लागतं. हा कोन ४० च्या खाली जाऊ देऊ नये असं मानतात, कारण त्यापुढे ढकलण्याचा जोर पट्टी वळवण्याऐवजी तिच्या सांध्यावर दाबत बसतो.

नवशिक्यांचा सगळा जीव आकारात असतो, पण खरं काम सांध्यात आहे. ऑफिसचं पंचिंग मशीन साधारण ६ मिलिमीटरचं भोक पाडतं; त्यात टाचणी घातली तर पट्टी फिरते कमी, हेलकावते जास्त. एका सांध्यात अर्धा मिलिमीटर ढिलाई काहीच वाटत नाही. चार सांध्यांची ढिलाई एकत्र होते आणि लांब टोकाला कितीतरी मोठी होऊन दिसते. त्यामुळे भोकात रिकाम्या रिफिलचा तुकडा बसवा, त्यातून घट्ट न होणारी तार जाऊ द्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये पातळ वॉशर घाला. बारीक वॉशर, तार, नटबोल्ट इतवारीच्या लोहाओळीत मिळतात; मोटर लागेल तेव्हा बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जा आणि पिवळ्या रंगाची गिअरवाली बीओ मोटर मागा, कमी आरपीएमची, म्हणजे मिनिटाला कमी फेरे घेणारी. ग्लू गनवर मात्र नागपुरात फार विसंबू नका. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तो गोंद मऊ पडतो. पावसाळ्यात पुठ्ठा दमट होऊन भोकं सैल होतात, तेव्हा दोन थर फेविकॉलने चिकटवून, वजनाखाली वाळवून मगच कापा.

कधीतरी कडबी चौकाजवळच्या नॅरोगेज रेल्वे संग्रहालयात जा. २००२ मध्ये ते सुरू झालं. वाफेच्या इंजिनाजवळ उभे राहा आणि चाकं जोडणारा दांडा बघा. वाफेने मागेपुढे सरकून दांड्याने चाक फिरवणारा दट्ट्या (पिस्टन) अगदी टोकाला असताना त्याचा जोर चाकाच्या मध्यातून जातो आणि चाक वळत नाही; याला डेड सेंटर म्हणतात. म्हणून दोन सिलिंडरच्या इंजिनात एका बाजूचा क्रँक (दांडा चाकाला जिथे जोडतो तो मध्यापासून दूरचा भाग) दुसऱ्या बाजूच्या क्रँकच्या ९० अंश पुढेमागे बसवतात. एक बाजू अडली असली तरी दुसरी त्या वेळी पूर्ण जोरात असते. पुस्तकातल्या आकृतीत हे मला नीट उमगत नव्हतं. तिथे दोन्ही बाजूंनी चक्कर मारली की लगेच दिसतं.

आता माझा सगळ्यांत आवडता प्रकल्प. विदर्भाबाहेरच्यांसाठी सांगतो: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. पोट्टे लाकडी नंदी सजवून दोरीने ओढत घरोघरी नेतात. या नंदीने चालताना मान हलवावी, एवढंच आपलं काम. चाकाच्या आसावर एक गोल चकती, पण मध्यापासून ५ मिलिमीटर बाजूला भोक पाडून, बसवा. ती फिरताना वरची काडी १० मिलिमीटर उचलली जाते आणि मानेखाली ढकलते. खाली येणं मानेच्या स्वतःच्या वजनावर.

इथे गणित करा, कारण सगळी गंमत त्यात आहे. चाक ६ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर दर १९ सेंटिमीटरला एक मान. पोर सेकंदाला एक मीटर चाललं तर सेकंदाला पाच माना. नंदी थरथरतो आणि काडी चकतीवरून उडते. चाक १२ सेंटिमीटरचं केलं तरी सेकंदाला अडीचेक. म्हणून चकती आसावरून काढून वर दुसऱ्या आसावर न्या. खाली दीड सेंटिमीटरची पुली, वर साडेचारची, मध्ये रबर. आता १२ च्या चाकाने साधारण ११३ सेंटिमीटरला एक मान, म्हणजे संथ, बैलासारखी.

आसाला एकच चाक पक्कं चिकटवा, दुसरं मोकळं ठेवा. दोन्ही पक्की केली तर वळणावर एक चाक घासत जातं, कारण बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. पक्क्या चाकावर सायकलच्या ट्यूबची पट्टी चढवा, म्हणजे फरशीवर ते घसरणार नाही.

पुठ्ठ्यात सगळं नीट चाललं की मगच ३ मिलिमीटरच्या एमडीएफवर (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या फळीवर) लेझर कटिंग करून घ्या. ट्रॉफी आणि नेमप्लेट करणारे हे काम करतात. लेझर कापताना एक-दोन दशांश मिलिमीटर जाळतं, त्यामुळे आधी एका पट्टीवर २.७, २.८, २.९ आणि ३ मिलिमीटरची भोकं कापून मागा, आणि तुमचा आस ज्यात नीट बसेल तेच माप सगळ्या फाइलमध्ये घाला. ही चाचणी-पट्टी जपून ठेवा, पण दुकान बदललं की नवी कापून घ्यावी लागते.