कपाशी वेचणीच्या धांदलीत गोठ्याची वही तुटू देऊ नका

पोळा झाला. आता कपाशी फुटली की घरदार वेचणीला वावरात जाईल, आणि खान्देशात गोठ्याच्या नोंदी नेमक्या याच दिवसांत तुटतात. मग "दिवाळीच्या आधी कधीतरी गाय भरवली होती" (म्हणजे वळू दाखवला किंवा रेत सोडलं होतं) एवढ्या आठवणीवर पुढचं वर्ष काढावं लागतं.

वही घरात ठेवू नका, गोठ्यातच टांगा. पेनही दोरीने बांधा. गायीचा माज, म्हणजे ती भरवायला आल्याची लक्षणं, ज्याला दिसला त्याने तिथंच लिहावं, मग तो सालदार असो की घरचं पोर. प्रत्येक गायीला वेगळं पान आणि वर कानातल्या बिल्ल्याचा 12 अंकी क्रमांक. नुसतं "ढवळी" लिहिलं तर दुसरी ढवळी आली की घोळ झालाच.

माजाची तारीख लिहा, वेळही लिहा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायची, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. पुढे 18 ते 24 दिवसांत उलटते का, म्हणजे पुन्हा माजावर येते का, पाहा आणि उलटली तर तेही लिहा. नाही उलटली तर दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी. 5 ऑक्टोबरला भरलेली गाय 14 जुलैच्या आसपास व्यायला येते. म्हणजे मेच्या मध्यावर ती आटवायला, म्हणजे तिचं दूध काढणं बंद करायला हवं.

रेताच्या कांडीवरचा (कृत्रिम रेतनाच्या नळीवरचा) वळूचा क्रमांक मात्र काही झालं तरी उतरवा. आमच्याकडे ही एक ओळ राहिली होती. अडीच वर्षांनी त्या गायीची कालवड माजावर आली, तेव्हा तिचा बाप कोण हे कुणालाच सांगता येईना. त्याच वळूचं रेत लेकीला पडलं असतं तर? तापी खिल्लार जातीची गाय गावच्या वळूकडून भरवत असाल तर कोणाचा वळू, तेही लिहा.

डेअरीची पावती सगळ्या गोठ्याचं दूध सांगते. म्हणून महिन्यातून एक ठरलेला दिवस प्रत्येक गायीचं दोन्ही वेळचं दूध काट्यावर मोजा.

समजा, एक गाय 14 लिटरची, पण एका वेतापासून दुसऱ्या वेतापर्यंत 18 महिने घेते. दुसरी 10 लिटरची, 13 महिन्यांत पुन्हा विते. चारा सारखाच असेल तर मी दुसरीची कालवड ठेवेन. पण आधी पहिलीचं पान नीट वाचेन. भरवूनही वारंवार उलटल्याच्या नोंदी असतील तर डॉक्टरांकडून गर्भाशय तपासून घ्यायचं. आणि वेचणीच्या महिन्यांत माजाची एकही नोंद नसेल, तर गाय विकायची घाई नको. माज येऊन गेला आणि कुणी पाहिला नाही, असंही झालेलं असू शकतं.