सोऱ्या देताना, पुरणयंत्र मागताना

दिवाळीला सोऱ्या, गणपतीत मोदकपात्र, होळीला पुरणयंत्र, चैत्राच्या हळदीकुंकवाला चौरंग. या वस्तू वर्षभर माळ्यावर पडून असतात आणि लागतात तेव्हा सगळ्यांना एकाच आठवड्यात लागतात. म्हणून मैत्रिणीला वस्तू देताना जे काही बोलायचं ते हातात देतानाच बोलावं, असं माझं ठाम मत आहे. नंतर तेच बोललं की टोचतं.

पहिली गोष्ट वार. ‘झालं की दे’ असं मी कधीच म्हणत नाही. ‘मी शुक्रवारी चकल्या करणार आहे, तू बुधवारपर्यंत कर आणि गुरुवारी सोऱ्या दे,’ असं सरळ सांगते. यात समोरचीचीही सोय असते, तिला तिची भाजणी कधी दळून आणायची ते ठरवता येतं.

मग भाग मोजून द्यावेत. सोऱ्या म्हणजे नुसतं नळकांडं नव्हे. दट्ट्या, चकलीची चांदणी, शेवेच्या बारीक-जाड चकत्या, सगळं तिच्यासमोर एका पिशवीत घालावं आणि परत आल्यावर तसंच उघडून पाहावं. हरवते ती नेहमी बारीक शेवेची चकती, कारण ती खरकट्याबरोबर जाते. धुण्याचंही सांगावं. भाजणीचं पीठ चांदणीच्या कोपऱ्यांत वाळलं की दगड होतं, म्हणून काम झाल्या झाल्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या टूथब्रशने काढायचं आणि पुसून पंख्याखाली कोरडं करायचं.

पितळी पातेलं देत असाल तर दोन वाक्यं जास्त बोला. कल्हई उडालेली असेल तर त्यात ताक किंवा चिंचेचं काही ठेवू नको, कळकेल. आणि कल्हई असेल तर रिकामं पातेलं गॅसवर तापत ठेवू नको. कल्हई म्हणजे कथलाचा थर, आणि कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. तारेची घासणीही नको.

भांड्यांवर नाव घालून घेतलेलं असावं. नसेल तर तळाला नेलपॉलिशचा ठिपका लावा. पंगतीच्या गडबडीत दोन घरांची सारखी पातेली अदलाबदल होतात, त्यात कुणाचाच दोष नसतो.

जे द्यायचं नाही ते देऊ नये. माझ्या सासूबाईंची समई मी कुणालाच देत नाही. ‘ती घराबाहेर देत नाही गं,’ एवढंच सांगते, खोटी सबब काढत नाही. सोऱ्या द्यायचा नसेल तर ‘पीठ भिजवून घेऊन ये, इथेच पाडू’ म्हणावं. दोघींच्या चकल्याही लवकर होतात.

परत मागायचं तर स्वतः मागावं. मुलांकरवी निरोप नको, चारचौघींत विषय नको. ‘अगं, मोदकपात्र काढून ठेव, मी उद्या संध्याकाळी येऊन नेते,’ हा फोन पुरे.

आता नेणारीसाठी. काही घरांत दिवेलागणीनंतर वस्तू देत नाहीत, तेव्हा दिवसाच मागा. भांडं रिकामं परत करू नका, चार चकल्या किंवा निदान चिमूटभर साखर तरी घाला. आणि तुमच्या जावेला हवं असलं तरी मूळ मालकिणीला विचारल्याशिवाय पुढे देऊ नका. या एका गोष्टीवरून मी चांगल्या मैत्रिणींत अबोला झालेला पाहिलाय.

मोडतोड झाली तर वस्तू परत न्यायच्या आधी फोन करून सांगा. कुकरची रबरी रिंग जुनी होऊन सैल पडली तर ती मालकिणीने बदलावी, तो खर्च मैत्रिणीवर टाकू नये. पण हातातून पडून कान तुटला, पोचा आला, तर नेणारीने दुरुस्त करूनच द्यावं, आणि मालकीण ‘राहू दे गं’ म्हणाली तरीही.