भाड्याचं घर स्वतः बघायचं की मॅनेजर ठेवायचा: लातुरातल्या घरमालकांसाठी तयारीची यादी

दहावीचा निकाल लागला की लातुरात खोल्यांची शोधाशोध सुरू होते. नांदेड, परभणी, बीडकडचे आई-वडील मुलांना घेऊन ट्यूशन एरियात, म्हणजे क्लासेसच्या भागात, फिरत असतात, आणि ज्याचं घर तयार असेल त्याचं लगेच लागतं. मे महिन्यात ‘नीट’ ही मेडिकलची प्रवेश परीक्षा झाली की जुनी मुलं खोल्या सोडतात. तेव्हा रंगरंगोटीतून मान वर करायला सवड नसते. म्हणून घर स्वतः सांभाळायचं की कुणाच्या ताब्यात द्यायचं, हे एप्रिलमध्येच ठरवा.

सगळ्यात आधी पाण्याचं बघा, भाड्याचा हिशोब नंतर. 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हे शहर आहे. नळ रोज येत नाहीत, पाळीनं येतात. ती पाळी रात्री अकराला आली तर मोटर कोण लावणार, हौद भरल्यावर ती बंद कोण करणार, उन्हाळ्यात बोअर गचके द्यायला लागला तर टँकरवाल्याला फोन कोण करणार आणि त्याचे पैसे कोण देणार? हे प्रश्न वहीत लिहा आणि प्रत्येकापुढे एका माणसाचं नाव टाका. सगळीकडे तुमचंच नाव येत असेल आणि तुम्ही राहायला पुण्यात असाल, तर माणूस ठेवावाच लागेल. तुम्ही त्याच घरात खाली राहत असाल, तर मॅनेजरवर पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच दिवशी गच्चीवर जाऊन टाकीतला बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा गोळा, हातानं वर उचला. पाणी लगेच थांबलं पाहिजे. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी त्याचा दांडा पांढरा पडतो, मग तो अडकतो आणि विकतचं पाणी रात्रभर पन्हाळीतून वाहून जातं. गिझरच्या कॉइलवरही तोच थर चढतो. ती काढून बघा आणि वाटलं तर बदलून टाका. या कामाला बोलावलेला प्लंबर किती फोनांनंतर येतो, हे लक्षात ठेवा. हाकेसरशी येणारा प्लंबर आणि वायरमन गाठीशी असतील तर स्वतः सांभाळणं जमतं. नसतील तर शेजारच्या गल्लीत राहूनही जड जातं.

आता पैसे. समजा भाडं 9000 रुपये आहे आणि मॅनेजर 8 टक्के मागतो. महिन्याला 720, वर्षाला 8640, म्हणजे जवळपास एका महिन्याचं भाडं गेलं. त्याच्यामुळे घर वर्षात एक महिना कमी रिकामं राहणार असेल तर पैसे वसूल. पोरांच्या खोल्यांना हे लागू पडतं, कारण त्या दर वर्षी रिकाम्या होतात. एखादं शिक्षकाचं कुटुंब वर्षानुवर्षं राहत असेल तर मॅनेजरला करायला काही उरतच नाही. आयकरातही या फीची वेगळी वजावट मिळत नाही. भरलेला महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर सरसकट 30 टक्के सूट असते, आणि दुरुस्तीपासून फीपर्यंत सगळं त्यातच धरलेलं असतं.

कराराची तयारी दोन्ही बाबतीत तुमचीच. अकरा महिन्यांचा करार (लिव्ह अँड लायसन्स) बाँडवर लिहून नोटरी केला की झालं, हा समज सोडा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुद्रांक शुल्क पूर्ण मुदतीच्या भाड्यावर 0.25 टक्के, त्या भाड्यात डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेलं व्याजही मिळवतात. नोंदणी फी शहरात 1000 रुपये. ऑनलाइन नोंदणीत मालकाचा अंगठा पुण्यात आणि भाडेकरूचा लातुरात घेता येतो, त्यामुळे लांब राहतो म्हणून सहीचा अधिकार मॅनेजरला द्यायचं कारण नाही. मुलगा अठराच्या आतला असेल तर करार पालकांशी करा. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्या आणि पोच जपून ठेवा.

मॅनेजर ठेवायचंच ठरलं तर तो सध्या ज्यांची घरं बघतो अशा दोन मालकांशी बोला, आणि त्या घरातल्या एखाद्या भाडेकरूशीही. मुलींच्या खोल्या असतील तर एखाद्या मुलीच्या आईला फोन करा. तो माणूस न सांगता खोलीवर येतो का, हे तिच्याकडूनच कळेल. आपलं लेकरू परगावी ठेवणाऱ्या आईबापांच्या जिवाला घोर असतो, त्यामुळे इथं भीड बाळगू नका. शक्य असेल तर अशा ठिकाणी देखरेखीला बाईमाणूसच ठेवा.

त्याच्याशी काय ठरलं ते कागदावर आणा. भाडं थेट तुमच्या खात्यात, डिपॉझिट तुमच्याकडे, आणि दोन हजारांवरचा खर्च विचारल्याशिवाय नाही. मुखत्यारपत्र देऊ नका. भाडं थकलं तरी वीज-पाणी तोडायचं नाही, हे त्याला ठासून सांगा. त्याच अधिनियमाचं कलम 29 तशी मनाई करतं, आणि निस्तरावं तुम्हाला लागेल. मुदत संपूनही कुणी घर सोडत नसेल तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर तो जितके दिवस राहिला त्यासाठी दुप्पट दरानं पैसे मागता येतात. त्यासाठीच तो नोंदवलेला करार हाताशी हवा.

किरकोळ कामं एका दुपारी उरकतात: महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला तुमचाच मोबाइल जोडलेला आहे ना ते बघणं, पलंग-पंखे-कपाटांचे फोटो, मीटरचं रीडिंग, जादा किल्ल्या.

मॅनेजरला पहिल्या वेळी पुढच्या मेअखेरपर्यंतच नेमा. मुलं खोल्या सोडतील तेव्हा स्वतः या, भिंती, नळ आणि मीटर बघा, दोन-चार पोरांना विचारा, आणि मगच त्याला पुढचं वर्ष द्या.