कोकणात हॉट टब घेताय? या चुका टाळा

अलिबाग-नागावपासून तारकर्लीपर्यंत होमस्टेच्या पाट्यांवर 'एसी रूम, घरगुती जेवण' याच्या खाली आता 'जकुझी' (पाण्याचे झोत, म्हणजे जेट, सोडणारा गरम पाण्याचा टब) हा शब्द चढू लागलाय. पाहुणे तो वाचून फोन करतात, हे खरंच आहे. पण टब घेणारा मालक चौकशी करतो ती जेट किती, दिवे कोणते, रंग कुठला याची. टबात जे पाणी पडणार ते कुठून येतं आणि कसलं आहे, हे तो विचारत नाही. विक्रेताही विचारत नाही, त्याचं काम टब उतरवेपर्यंतचं. नंतरच्या निम्म्याहून जास्त कटकटी या न विचारलेल्या प्रश्नातून निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

विहिरीचं पाणी न तपासता टब मागवणं

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी प्यायला गोड लागतं. ते मऊ असतं, त्यात क्षार कमी असतात, पीएच (आम्लपणा दाखवणारा आकडा) बऱ्याचदा ७ च्या खाली, म्हणजे आम्ल बाजूला असतो आणि काही ठिकाणी त्यात लोह उतरलेलं असतं. घरच्या वापराला यातलं काही फारसं नडत नाही. टबाला सगळंच नडतं. आम्ल पाणी हीटरचा धातू हळूहळू खातं. मऊ पाण्याला फेस पटकन येतो. आणि लोह असलेल्या नितळ पाण्यात क्लोरीन टाकलं की ते बघता बघता तांबूस किंवा हिरवट होतं. मालकाला वाटतं शेवाळ आलं, म्हणून तो आणखी क्लोरीन ओततो, आणि रंग आणखी चढतो.

किनाऱ्यालगतच्या वाड्यांची गोष्ट वेगळी. एप्रिल-मेमध्ये उपसा वाढतो, विहिरीची पातळी खाली जाते, खारं पाणी आत शिरतं आणि विहीर मचूळ होते. हे मीठ स्टीलचे जेट, हीटर आणि पंपाचे सील यांच्या मुळावर येतं. त्यामुळे दिवाळीनंतर तपासलेलं पाणी मेमध्ये तसंच असेल असं धरून चालू नका. वर्षातून दोनदा तपासा: एकदा पावसाळा संपल्यावर, एकदा विहीर तळाला गेल्यावर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. पीएच, अल्कलिनिटी (पीएच स्थिर धरून ठेवायची पाण्याची ताकद), कठीणपणा, लोह आणि क्लोराईड एवढे पाच आकडे मागून घ्या.

लोह निघालं तर पाणी थेट पंपानं टबात सोडू नका. आधी टाकीत उंचावरून पडू द्या म्हणजे हवा लागेल, रात्रभर निवळू द्या आणि वरचं पाणी गाळणीच्या फिल्टरमधून टबात घ्या. तरी उरलेल्या लोहासाठी धातू बांधून ठेवणारं द्रावण मिळतं. ते क्लोरीनच्या आधी टाकायचं असतं, रंग चढल्यावर नाही.

अल्कलिनिटी ८० ते १२० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅम) दरम्यान हवी. जांभ्याच्या पाण्यात ती सहसा कमी भरते. उपाय स्वयंपाकघरातच आहे: खाण्याचा सोडा. १,००० लिटरला साधारण १८ ग्रॅम सोडा अल्कलिनिटी १० पीपीएमनं वर नेतो. म्हणजे १,४०० लिटरच्या टबात ती ३० वरून ९० वर न्यायची तर दीडशे ग्रॅम. एकदम ओतू नका, दोन-तीन हप्त्यांत टाका.

इथे क्रम चुकला की सगळंच चुकतं. पाणी भरल्या भरल्या पीएच कमी दिसला म्हणून बरेच जण लगेच धुण्याचा सोडा टाकतात. विहिरीच्या पाण्याचा आम्लपणा बराचसा त्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे असतो, आणि जेट चालू झाले की तो वायू निघून जातो आणि पीएच आपोआप वर सरकतो. वर तुम्ही टाकलेला सोडा. दुसऱ्या दिवशी पीएच ८.२, पाणी गढूळ आणि क्लोरीनचा जोर अर्धा. आधी अल्कलिनिटी बसवा, मग काही तास जेट चालवा, मग पीएच बघा. तो ७.२ ते ७.८ मध्ये आला की क्लोरीनकडे वळा.

टीसीएल टाकून मोकळं होणं

ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते, मग टबात का नको? कारण तिच्यात चुना असतो. तो विरघळत नाही, तळाला बसतो, फिल्टर तुंबवतो आणि पीएच चढवतो. शिवाय पावसाळ्यातल्या दमट हवेत उघड्या पिशवीतल्या पावडरीचा जोर किती उरलाय हे सांगता येत नाही.

दुसरं टोक म्हणजे स्विमिंग पूलच्या मोठ्या गोळ्या. त्या ट्रायक्लोर या सावकाश विरघळणाऱ्या क्लोरीनच्या असतात आणि कमालीच्या आम्ल. टबात एक गोळी तळाला बसली की ॲक्रिलिकवर कायमचा पांढरा डाग पडतो, हीटरचं नुकसान होतं ते निराळं.

डायक्लोर या दुसऱ्या जातीच्या क्लोरीनचे दाणे लवकर विरघळतात म्हणून बहुतेक विक्रेते तेच देतात. १,४०० लिटरला ७-८ ग्रॅम टाकले की क्लोरीन ३ पीपीएमनं वाढतं. फक्त डायक्लोरबरोबर सायन्युरिक ॲसिडही टबात जातं आणि ते कुठेही जात नाही, साठत राहतं. दर १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ९ पीपीएम. ते वाढलं की चाचणीत क्लोरीन दिसतं, पण जंतू मरायला वेळ लागतो. अमेरिकेतली सीडीसी ही आरोग्य संस्था हॉट टबात सायन्युरिक ॲसिडवालं क्लोरीन नकोच म्हणते. घरच्यापुरता टब असेल तर डायक्लोर वापरून पाणी वेळेवर बदललं तर एक वेळ चालून जाईल. रोज वेगळे पाहुणे उतरणार असतील तर माझं मत स्पष्ट आहे: लिक्विड क्लोरीन किंवा ब्रोमीन घ्या. १० टक्क्यांचं लिक्विड क्लोरीन १,४०० लिटरला ४० मिलिलिटरच्या आसपास टाकलं की ३ पीपीएम मिळतात. ते उष्णतेनं मरतं, म्हणून मोठा कॅन आणून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका. गरम पाण्यात ब्रोमीन जास्त टिकतं, मात्र उन्हात उडतं, त्यामुळे झाकण हवंच.

आणि एक गोष्ट गड्यांना, गड्यांच्या बदलीवर येणाऱ्यालाही बजावून ठेवा. टीसीएलचा मग डायक्लोर किंवा ट्रायक्लोरच्या डब्यात बुडवायचा नाही. ही दोन जातींची क्लोरीन कोरडी किंवा ओलसर एकत्र आली की पेट घेतात, स्फोटही होतो. ॲसिड लागलंच तर बादलीतल्या पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडात पाणी कधीच नाही.

'कुंडात कोण क्लोरीन टाकतं?'

हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. उन्हवरे, तुरळ, राजवाडी, उन्हेरे इथल्या गरम झऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या लोक अंघोळ करत आलेत. पण झऱ्याचं पाणी येतं आणि वाहून जातं. टबात तेच १,४०० लिटर पुन्हा पुन्हा फिरतं. हिशेब करा: १० मीटर लांब, ५ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल पूल म्हणजे ७० हजार लिटर. टबात चार माणसं बसली तर पाण्यामागे माणसांचं प्रमाण त्या पुलात दोनशे माणसं उतरल्याइतकं होतं.

वर ते पाणी कोमट. लेजिओनेला हा न्यूमोनिया करणारा जंतू २५ ते ४५ अंशांत फोफावतो, आणि जेटमुळे उडणाऱ्या बारीक तुषारांतून छातीत जातो. स्यूडोमोनास या दुसऱ्या जंतूमुळे अंगावर, विशेषतः कपड्याखाली, लाल पुरळ उठतो. 'उन्हाळ्यात आम्ही हीटर बंद ठेवतो, मग औषध कशाला' म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की मेमध्ये आपलं साधं पाणीच ३० अंशांवर असतं. हीटर बंद असो वा चालू, क्लोरीन किमान ३ किंवा ब्रोमीन किमान ४ पीपीएम हवं, आणि पाहुणे असतील त्या दिवशी दोनदा तरी तपासायला हवं.

तपासणीच्या पट्ट्या पावसाळ्यात उघड्या राहिल्या तर चुकीचा रंग दाखवतात. हवाबंद डब्यात ठेवा, ओल्या बोटांनी काढू नका. थेंबांचं डीपीडी किट जास्त भरवशाचं. त्यातही एक फसगत आहे: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो, नमुना पांढराच राहतो, आणि माणूस शून्य समजून अजून ओततो. शंका आली तर नमुन्यात तितकंच साधं पाणी मिसळून पुन्हा बघा, आलेला आकडा दुप्पट करा.

तेल, वाळू आणि कपड्यातला साबण

समुद्रावरून आलेला पाहुणा थेट टबात उतरतो. केसांत खोबरेल, अंगाला सनस्क्रीन, पायाला वाळू, आणि आदल्या दिवशी पावडरीत धुतलेली शॉर्ट. फेस यातूनच येतो. फेस मारायचं औषध तासाभराची सोय करतं, फेसाचं कारण पाण्यातच राहतं. टबापर्यंत जायच्या वाटेवरच शॉवर बसवा, म्हणजे सांगावं लागत नाही. वाळू पंपाचा सील घासते. फिल्टर दर आठवड्याला होसपाइपनं धुवा आणि महिन्याला फिल्टर क्लीनरमध्ये भिजत ठेवा. कपड्यांच्या पावडरीत मात्र नको, नाहीतर पुन्हा फेस. दोन फिल्टर ठेवले तर एक सुकेपर्यंत दुसरा चालतो.

मेमध्ये पाणी बदलायला टाळाटाळ

हंगाम भरात असतो तेव्हाच विहीर आटलेली असते. टँकरचं पाणी टबात ओतायला जीव होत नाही, ते समजण्यासारखं आहे. तरी हिशेब टळत नाही. टबाचे लिटर ११ नं भागा, आलेल्या आकड्याला रोजच्या सरासरी माणसांनी भागा. तेवढ्या दिवसांनी पाणी बदलायचं. १,४०० लिटर आणि रोज चार माणसं म्हणजे महिनाभर. आठ माणसं असतील तर पंधरवडा. मेमध्ये एवढं पाणी मिळणार नसेल तर टब महिनाभर बंद ठेवा आणि तसं बुकिंगच्या वेळीच सांगा. रिकामा करण्याआधी पाइप साफ करायचं द्रावण घालून जेट चालवा. नळ्यांच्या आत बसलेला बुळबुळीत थर नुसत्या पाणी बदलण्यानं जात नाही. त्यात पुढच्या पुरळाची सोय असते.

सांडपाणी विहिरीच्या बाजूला, पऱ्ह्यात किंवा भाताच्या चोंढ्यात सोडू नका. झाकण काढून दोन दिवस उन्हात ठेवा, क्लोरीन शून्यावर आलंय हे तपासा, मग माडांच्या आळ्यांत थोडं थोडं द्या. ब्रोमीनचं पाणी झाडांनाही नको, ते शोषखड्ड्यात.

टब निवडताना

बाथरूममध्ये बसवायचा जेटवाला जकुझी बाथटब आणि हॉट टब या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिला दर वेळी भरायचा आणि रिकामा करायचा असतो, त्याला बहुधा फिल्टर नसतो. तो स्वस्त मिळाला म्हणून अंगणात मांडला आणि पाणी चार दिवस तसंच ठेवलं, तर वरचे सगळे उपाय फुकट.

आकार विहिरीच्या मानानं घ्या. सहा माणसांच्या टबात बहुतेकदा दोघंच बसतात, पाणी मात्र सहाचं लागतं.

वजन: १,४०० किलो पाणी, टब ३०० च्या घरात, वर पाच माणसं. दोन मीटर बाय दोन मीटरवर दोन टनांहून जास्त, म्हणजे दर चौरस मीटरला ५०० किलो. घरातल्या खोल्यांच्या स्लॅबचा वापराचा भार २०० किलोच्या आसपास धरलेला असतो. गच्चीवर टब हवा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. गवंडी 'काय नाय होत' म्हणेल, त्याला सही मागा.

वीज: १,४०० लिटर पाणी २६ अंशांवरून ३८ वर न्यायला सुमारे २० युनिट लागतात. ३ किलोवॅटचा हीटर सात तास घेईल. पाहुणे चारला आले आणि पाचला टब हवा म्हणाले तर जमणार नाही, सकाळीच लावून ठेवावं लागेल. मंजूर भार आणि संध्याकाळचं व्होल्टेज आधी पाहून घ्या. टबाला स्वतंत्र लाइन आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. कातळावर अर्थिंग नीट लागत नाही आणि उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, त्यामुळे मीटर लावून अर्थिंग मोजून घ्या.

खारं वारं टबाच्या बाहेरच्या भागालाही सोडत नाही. स्क्रू, बिजागऱ्या, हीटरची नळी ३१६ स्टीलची आहे का ते लेखी घ्या, ३०४ किनाऱ्यावर गंजतं. कंट्रोल बॉक्स बंदिस्त हवा. मुंग्या रिलेत शिरतात, पाली आणि उंदीर उबेला येतात, म्हणून कॅबिनेटच्या फटींना जाळी मारा. वर छप्पर नसेल तर पावसाळ्यात झाकणातला फोम पाणी पिऊन इतका जड होतो की एकट्यानं उचलत नाही. पागोळीखाली तर टब ठेवूच नका.

वादळाचाही विचार करा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांत आठवडे वीज नव्हती. पाणी फिरायचं थांबलं की क्लोरीन उतरतं. एखादा दिवस हातानं ढवळून, क्लोरीन टाकून निभावतं. त्याहून जास्त लांबलं तर टब रिकामा करा.

तक्रार आलीच तर

क्लोरीनचा उग्र वास येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालं असं नाही. बहुतेक वेळा ते कमी पडलेलं असतं, आणि वास घाम-लघवीशी जुळून झालेल्या संयुगांचा असतो. शॉक द्या, म्हणजे एकदम जास्त क्लोरीन टाका, आणि झाकण उघडं ठेवा. पाणी नितळ पण हिरवट असेल तर धातू, गढूळ हिरवं असेल तर शेवाळ. पाणी बदलल्यावर पंप नुसता गुणगुणतो, पाणी फेकत नाही, तेव्हा आत हवा अडकलेली असते. जोडणी थोडी सैल करून हवा काढा, अर्थात मेन स्विच बंद करून. हीटर लागताच आरसीसीबी पडतो म्हणजे एलिमेंट गेलं. आरसीसीबी काढून टब चालवू नका, कुणी वायरमन तसं सुचवलं तर वायरमन बदला.

तापमान ४० अंशांच्या वर नेऊ नका, पाहुण्यानं कितीही आग्रह केला तरी. पंधरा-वीस मिनिटांनी बाहेर यायचं, दारू पिऊन उतरायचं नाही, गरोदर बाई आणि हृदयरोगी यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, पाच वर्षांखालची मुलं नाहीत, आणि ढग गडगडू लागले की सगळ्यांनी बाहेर. ही पाटी मराठीत मोठ्या अक्षरांत टबाशेजारी लावा.