लैंगिक अडचणींबद्दल विचारायचं कसं: वॉर्डातल्या सिस्टरांची तयारी

आजारांची माहिती सिस्टरांना असते. गाडी अडते ती पहिल्या वाक्यावर. म्हणून व्याख्यान कमी आणि तोंडी सराव जास्त ठेवा. एका गटात आठ-दहा जणी पुरेत.

सुरुवात शब्दांपासून करा. जळगाव-धुळ्याच्या ओपीडीत बाई ‘योनिस्राव’ म्हणत नाही, ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणते. पुरुष ‘अशक्तपणा’ किंवा ‘धात जाते’ (म्हणजे वीर्य जातं) एवढ्यावर थांबतो. हे शब्द फळ्यावर लिहा आणि प्रत्येकीला मोठ्याने म्हणायला लावा. हसू येईल, येऊ द्या. पेशंटसमोर येण्यापेक्षा इथे आलेलं बरं. अहिराणी बोलणाऱ्याला ‘काही तरास से का?’ एवढं विचारलं तरी तो मोकळा होतो. नंदुरबारकडे भिली किंवा पावरी येणारी सिस्टर नाहीतर आशाताई सोबत घ्या. नवऱ्याला किंवा सुनेला दुभाषी करू नका, उत्तरच बदलतं.

मग जोडीने सराव. प्रश्न आधी सगळ्यांचा, मग त्या माणसाचा: “नाना, शुगर असली की बऱ्याच जणांना संबंधात अडचण येते. तुम्हाला तसं काही जाणवतं का?” यानंतर दहा सेकंद गप्प राहायचं. बहुतेक जणी इथेच चुकतात आणि घाईने “नसेल तर राहू द्या” म्हणतात. “बाकी सगळं ठीक ना?” याला ‘हो’शिवाय उत्तर मिळत नाही. पडदा ओढून भागत नाही, आवाज पलीकडे जातो. ड्रेसिंगची खोली बघा.

सगळं सिस्टरनेच सोडवायचं नाही. मानसशास्त्रज्ञ जॅक अ‍ॅनन यांच्या 1976 च्या प्लिसिट (PLISSIT) पद्धतीत लैंगिक अडचणी हाताळायच्या चार पायऱ्या आहेत: बोलायला मोकळीक, मोजकी माहिती, नेमका सल्ला, तज्ज्ञांचे उपचार. सिस्टरच्या पहिल्या दोन पक्क्या हव्यात.

मोजक्या माहितीतली एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. छातीत दुखतं म्हणून आलेल्या पुरुषाला जिभेखाली सॉर्बिट्रेट देण्याआधी ‘ताकदीची गोळी’ घेतली का, कधी घेतली, हे बाजूला घेऊन विचारा. या गोळ्यांपैकी सिल्डेनाफिल घेतल्यापासून 24 तास आणि टॅडालाफिल घेतल्यापासून 48 तास सॉर्बिट्रेट चालत नाही. बीपी धाडकन उतरतो. बायकोसमोर विचारलंत तर तो ‘नाही’च म्हणेल.

“कुणालाच सांगणार नाही” असं वचन कधी देऊ नका. 18 वर्षांखालच्या पेशंटवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पॉक्सोनुसार (बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं. एचआयव्हीचं उलट: 2017 च्या कायद्याने ते गुप्त ठेवायचं, केसपेपरवर लाल खूण नको. नोंद ‘कौटुंबिक अडचण’ अशी मोघम नको. ‘संबंधावेळी दुखतं, तीन महिने’ असं लिहा, म्हणजे डॉक्टर पुढचं विचारतील.