ओळखीच्या वाळवंटी वाटेवर एक दिवस

वाट पायाखालची असली की पाणी कमी घेतलं जातं. उन्हात माणशी तासाला साधारण 1 लिटर धरा. निम्मं नव्हे, एक तृतीयांश संपलं की मागे फिरा. परतताना ऊन चढलेलं असतं. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो, म्हणून तो येतोय हेच कळत नाही. नुसतं पाणी ढोसू नका, अधूनमधून खारे दाणे खा. रक्तातलं सोडियम उतरलं तर डोकं दुखतं, मळमळतं.

उन्हाळ्यात उजाडताच निघा, 10च्या आत परता. सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी. काटेरी निवडुंग चिकटला तर कंगव्याने उचकटा, बोटांनी नाही. लांब डोंगरावर पाऊस दिसला तर कोरड्या ओढ्यात उतरू नका: डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. परतायची वेळ घरी सांगून ठेवा.